पानांचे इंग्रजी शब्द दुसऱ्या शास्त्रात गेले की: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पाने, फुलोरे आणि देठ यांचे आकार सांगणारे इंग्रजी शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेले आहेत. त्यांतले पुष्कळसे वैद्यकात, रसायनात, पुरातत्त्वात, अगदी ध्वनिमुद्रणातही रोज वापरले जातात. त्यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : भाषांतर करताना ‘पामेट’ हा शब्द तीनदा भेटला. एकदा पानासाठी, एकदा हरणाच्या शिंगासाठी, एकदा बदकाच्या पायासाठी. तिन्ही ठिकाणी ‘हस्ताकृती’ लिहिले तर चालेल का?

पानाला चालेल, बाकी दोन ठिकाणी वाचक फसेल. लॅटिन ‘पाल्मा’ म्हणजे तळहात. तिन्ही शास्त्रांनी तोच हात घेतला, पण प्रत्येकाने त्याचा वेगळा भाग पाहिला.

वनस्पतिशास्त्राने बोटे पाहिली. देठ जिथे पानाला मिळतो त्या एकाच बिंदूतून मुख्य शिरा फाकल्या की पान पामेट. पपईचे पान हे त्याचे ठसठशीत उदाहरण. त्याच्या चिरा कितीही खोल असल्या तरी मध्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते एकच पान, फक्त खंडित. सावरीच्या पानात मात्र बोटे पूर्ण सुटी होतात आणि प्रत्येक बोट ही एक पर्णिका ठरते. ते संयुक्त पान. इंग्रजी मजकुरात ‘पामेटली लोब्ड’ असेल तर पपईसारखे, ‘पामेटली कंपाउंड’ असेल तर सावरीसारखे. हा भेद भाषांतरात गळला तर ओळख चुकते.

शिंगांच्या बाबतीत तळवा पाहिला आहे. मूस आणि फॅलो हरिण यांची शिंगे वर जाऊन पसरट पाटीसारखी होतात आणि टोके त्या पाटीच्या काठाला उरतात. येथे ‘तळव्यासारखे पसरट शिंग’ असे सरळ लिहावे. ‘हस्ताकृती’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे बोटे येतात आणि चित्र उलटे होते.

बदकाच्या पायात महत्त्व आहे ते बोटांमधल्या कातडीला. पुढची तीन बोटे पडद्याने जोडलेली असतात. ‘पडदा असलेला पाय’ हे पुरेसे आहे.

प्रश्न : कडुनिंबाच्या डहाळीवरचे एक पान कुठे संपते हे मुलांना कसे दाखवावे? आणि शरीरशास्त्रातला ‘पेनेट’ हा ‘पिनेट’चाच भाऊ का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कळीत आहे. पान खोडाला जिथे मिळते त्या बेचक्यात कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती कधीच नसते. कोवळी फांदी घ्या, दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि एकेका ‘पानाच्या’ बुडाशी पाहत खाली या. दातेरी कडेच्या त्या छोट्या पात्यांपाशी काही सापडणार नाही. ज्या लांब दांड्यावर ती दोन्ही बाजूंना बसलेली आहेत, तो दांडा फांदीला मिळतो तिथे कळी दिसेल. म्हणजे तो अख्खा दांडा, त्यावरच्या सगळ्या पर्णिकांसकट, एक पान. शेंड्याची फार कोवळी पाने या कामी घेऊ नयेत, तिथे कळ्या इतक्या बारीक असतात की मुलांचा गोंधळच होतो. आणखी एक खूण हाताशी ठेवावी. फांदीच्या शेंड्याला वाढणारी कळी असते, संयुक्त पानाच्या टोकाला ती नसते.

दुसऱ्याचे उत्तर होय. ‘पिना’ आणि ‘पेना’ हे दोन्ही लॅटिन शब्द पिसासाठीच आहेत. पिनेट पानात पर्णिका मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना असतात, पेनेट स्नायूत तंतू मधल्या कंडरेला तिरके येऊन मिळतात. मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस दोन्ही बाजूंनी असा भरलेला, म्हणून ‘बायपेनेट’. खांद्याच्या डेल्टॉइडमध्ये अशी अनेक पिसे शेजारी-शेजारी असतात, तो ‘मल्टिपेनेट’. तंतू तिरके असल्यामुळे तेवढ्याच जागेत ते जास्त संख्येने मावतात आणि जोर वाढतो, मात्र स्नायू आखडण्याचे अंतर कमी होते. पानाच्या पिसाचा ताकदीशी काही संबंध नाही, स्नायूच्या पिसाचे सगळे महत्त्व ताकदीत आहे.

प्रश्न : ‘ओव्हेट’, ‘ऑबोव्हेट’, ‘लॅन्सिओलेट’ यांत माझा नेहमी घोळ होतो. डोळ्यांनी ठरवायचे की मोजून?

मोजून. डोळा टोकाकडे ओढला जातो, आणि या शब्दांचा निवाडा टोकावर नसून सर्वांत रुंद जागेवर आहे.

फांदीच्या मधल्या भागातली, पूर्ण वाढलेली, न कुरतडलेली दहा पाने घ्या. सावलीतली आणि उन्हातली एकत्र करू नका, एकाच झाडावर त्यांचे आकार वेगळे असतात. प्रत्येक पान सपाट ठेवून देठ सोडून फक्त पात्याची लांबी मोजा. मग सर्वांत रुंद जागा शोधा, तिथली रुंदी घ्या आणि ती जागा देठाकडून किती अंतरावर आहे तेही लिहा. समजा पाते ९ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि रुंद जागा देठाकडून ३ सेंमीवर आहे. रुंदी निम्म्याच्या खाली पडली, लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी, म्हणून ओव्हेट. अंड्याची जाड बाजू देठाकडे. तीच रुंद जागा ६ सेंमीवर असती तर ऑबोव्हेट. बरोबर मध्यावर असती तर इलिप्टिक. आणि रुंद जागा खालीच, पण लांबी रुंदीच्या तिपटीच्या पुढे गेली तर लॅन्सिओलेट, म्हणजे भाल्याच्या पात्यासारखे. दुप्पट ते तिप्पट यांमधली पाने अडचणीची. तिथे ‘ओव्हेट ते लॅन्सिओलेट’ असेच लिहितात, आणि तसे लिहिण्यात काही कमीपणा नाही. सीमारेषा ग्रंथाग्रंथांत थोड्या सरकतात, म्हणून ज्या ग्रंथावरून झाड ओळखायचे त्याच्या शब्दसूचीतली व्याख्या आधी वाचावी.

‘ऑब’ म्हणजे उलटा केलेला. आंबुटीच्या पर्णिकेची खाच टोकाला असते, म्हणून ती ‘ऑबकॉर्डेट’, उलटे हृदय. पण ‘ऑब्लाँग’ला हा नियम लावू नका. त्यात उलटे काही नाही, दोन्ही कडा बऱ्याच अंतरापर्यंत समांतर असल्या की पान ऑब्लाँग. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथे.

सपाट वस्तूला ओव्हेट, भरीव वस्तूला ‘ओव्हॉइड’. पान ओव्हेट, फळ ओव्हॉइड.

पुरातत्त्वात हेच शब्द अश्मयुगीन हातकुऱ्हाडींना लावतात. कुऱ्हाडीला देठ नाही, तेव्हा ‘खाली’ म्हणजे कुठे, हा प्रश्न येतो. तिथे मुठीत धरायची जाड बाजू हा तळ मानतात आणि मोजमाप तिकडून सुरू होते.

प्रश्न : ‘कॉर्डेट’ पान आणि ‘कार्डिऑइड’ मायक्रोफोन, दोन्ही हृदयाच्या आकाराचे म्हणतात. मग नाव वेगळे का?

एक शब्द लॅटिन ‘कॉर’वरून, दुसरा ग्रीक ‘कार्डिया’वरून. दोन्हींचा अर्थ हृदय. पण हृदयाच्या कोणत्या टोकाकडे लक्ष द्यायचे यावर मतभेद आहेत, आणि ते समजले की सगळे सुटते.

वनस्पतिशास्त्राला हवी खाच. देठाशी पान दोन्ही बाजूंनी गोल होऊन मध्ये आत गेले असेल तर तळ कॉर्डेट. हे वर्णन पुष्कळदा फक्त तळाचे असते, पूर्ण पानाचे नसते. गुळवेलीचे पान पूर्णच हृदयाकृती दिसते, पण लांबट पानाचाही तळ कॉर्डेट असू शकतो. म्हणून मूळ वाक्यात ‘बेस’ शब्द आहे का हे पाहूनच भाषांतर करावे.

हातकुऱ्हाडीत उलट आहे. ‘कॉर्डेट’ कुऱ्हाड म्हणजे गोल तळ आणि निमुळते टोक. खाच नसते, आणि तिची अपेक्षाही नसते.

गणितातल्या कार्डिऑइड वक्राला खाच आहे, पण समोरचे टोक नाही, ती बाजू गोलच. एका स्थिर वर्तुळाभोवती तेवढ्याच आकाराचे दुसरे वर्तुळ न घसरता फिरवले तर त्याच्या कडेवरचा एक बिंदू हा वक्र काढतो. दोन सारखी नाणी घेऊन कागदावर करून पाहता येते. मायक्रोफोनचा कार्डिऑइड म्हणजे मायक्रोफोनची घडण नव्हे, तो कोणत्या दिशेचा आवाज किती पकडतो याचा आलेख. गोल बाजू समोरची, खाच मागची. खाचेच्या दिशेने आलेला आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणून गायकासाठी ठेवलेला स्पीकर कार्डिऑइड मायक्रोफोनच्या बरोबर पाठीशी ठेवतात. मायक्रोफोन तिरपा धरला की ही खाचही तिरपी होते आणि शिट्टी घुमू लागते, ती यामुळे.

प्रश्न : रसायनात ‘रेसिमिक’ मिश्रण आणि फुलोऱ्यात ‘रेसीम’. यांचा संबंध खरा की योगायोग?

खरा. लॅटिन ‘रेसिमस’ म्हणजे द्राक्षांचा घोस. दोन्ही शब्द त्याच घोसातून आले, पण वेगवेगळ्या वाटांनी.

रसायनाची वाट वाइनमधून जाते. वाइनच्या पिंपात जमणाऱ्या साक्यातून टार्टारिक आम्ल मिळते. त्याच घटकांचे आणखी एक आम्ल सापडले, त्याला द्राक्षांवरून रेसिमिक आम्ल हे नाव पडले. टार्टारिक आम्ल ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल फिरवत असे, हे नवे आम्ल फिरवत नसे. लुई पाश्चरने १८४८ मध्ये त्याच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक पाहिले, तेव्हा एकमेकांची आरशातली प्रतिमा शोभतील असे दोन प्रकार दिसले. त्याने ते हाताने वेगळे केले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचे तेवढाच डावीकडे. समसमान मिसळले की परिणाम शून्य. हे जमले त्यालाही एक अट होती. साधारण २७ अंश सेल्सिअसच्या खालीच हे स्फटिक असे वेगळे बनतात. त्यानंतर ‘रेसिमिक’मधून द्राक्ष गेले आणि ‘दोन्ही प्रतिरूपे निम्मी-निम्मी’ एवढाच अर्थ उरला. आज औषधाच्या वर्णनात हा शब्द दिसला तर त्याचा द्राक्षाशी काहीही संबंध नाही.

फुलोऱ्यात रेसीम म्हणजे मंजरी. एक लांब अक्ष, त्यावर देठ असलेली फुले, आणि उमलण्याचा क्रम बुडाकडून शेंड्याकडे. मोहरीत हा क्रम सरळ दिसतो. बहाव्यात फसायला होते, कारण त्याची मंजरी खाली लोंबते. उमललेली फुले वर आणि कळ्या खाली दिसतात, म्हणून क्रम उलटा वाटतो. बूड म्हणजे फांदीकडची बाजू, जमिनीकडची नव्हे, हे धरले की गोंधळ राहत नाही. गंमत म्हणजे खुद्द द्राक्षाचा घोस रेसीम नाही. त्याच्या अक्षाला बाजूच्या फांद्या फुटलेल्या असतात, म्हणून तो ‘पॅनिकल’, परिमंजरी. घड उचलून त्यातली एक उपफांदी तोडून पाहा, तिच्यावर पुन्हा छोटा घोस असतो.

ग्रीकमध्ये द्राक्षाच्या घोसाला ‘स्टॅफिली’ म्हणतात. स्टॅफिलोकॉकस जिवाणू सूक्ष्मदर्शकात तसेच पुंजक्याने दिसतात, स्ट्रेप्टोकॉकस माळेने. नावातच तपासणीची पहिली खूण आहे.

प्रश्न : वैद्यकीय अहवालातले ‘सेसाइल’ आणि ‘ॲक्यूट’ हे पानांचेच शब्द आहेत का? अर्थही तेच का?

‘सेसाइल’ म्हणजे बसलेला. रुईचे पान जवळजवळ बिनदेठाचे, फांदीवर बसल्यासारखे, म्हणून त्याला सेसाइल म्हणतात. आतड्यातला पॉलिप सेसाइल म्हणजे रुंद बुडाचा, बिनदेठाचा. देठ असलेला तो ‘पेडंक्युलेटेड’. फरक कामाचा आहे. देठ असेल तर तारेचा फास देठाभोवती आवळून पॉलिप काढता येतो. बिनदेठाचा सपाट असेल तर त्याच्याखाली द्रव टोचून तो आधी उचलावा लागतो, नाहीतर आतड्याच्या भिंतीला इजा होण्याचा धोका वाढतो. प्राणिशास्त्रात मात्र सेसाइल म्हणजे एका जागी चिकटलेला, न फिरणारा. तिथे देठाने खडकाला चिकटलेला स्पंजही सेसाइलच.

‘ॲक्यूट’बद्दल जास्त सावध राहावे. पानाचे टोक ॲक्यूट म्हणजे दोन्ही कडांमधला कोन ९० अंशांहून कमी आणि कडा सरळ किंवा किंचित फुगीर. कडा आत वळून टोक ओढल्यासारखे झाले तर ते ‘ॲक्युमिनेट’. पिंपळाचे टोक त्याहूनही लांब शेपटीसारखे, ‘कॉडेट’. आजारात ॲक्यूट हा शब्द काळाबद्दल बोलतो. अचानक सुरू झालेला, थोड्या मुदतीचा, ‘क्रॉनिक’च्या विरुद्ध. मराठीत त्याला सर्रास ‘तीव्र’ म्हणतात आणि घरचे लोक घाबरतात. साधी सर्दीही ॲक्यूट असते. दुखणे किती जोराचे आहे हे सांगणारा शब्द ‘सिव्हिअर’, तो अहवालात वेगळा लिहिलेला आहे का ते पाहावे.

एका वाचकाने ‘लेन्स’ही वनस्पतीचा शब्द का, असे विचारले आहे. होय, लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग मसुरासारखे दिसते, त्यावरून नाव पडले आणि पुढे आत वळलेल्या भिंगालाही तेच लागू झाले, जे मसुरासारखे मुळीच नसते. डोंगरामागे तरंगणारे ‘लेंटिक्युलर’ ढग मसुरासारखे आहेत. आणि फांदीच्या सालीवर हवा आत-बाहेर होण्यासाठी असलेले उंचवटे, ‘लेंटिसेल’, तेही त्याच दाण्याच्या नावाचे. शेवग्याच्या किंवा जांभळाच्या कोवळ्या फांदीवरून अंगठा फिरवला की ते खरखरीत लागतात.