भजनी मंडळात नवीन आलात? आधी टाळ सांभाळा

राम कृष्ण हरी, दादा! पहिले काही महिने चाल उचलायची घाई करू नका. मागं टाळकऱ्यांत उभं राहून झील धरा, म्हणजे पुढच्या गाणाऱ्यामागं ओळ म्हणा. नवा माणूस हमखास पखवाजाच्या पुढं पळतो, नाहीतर टाळ असा बडवतो की शेजाऱ्याचा शब्दच ऐकू येत नाही. दोरी बोटांना घट्ट गुंडाळा आणि कान पखवाजाकडं ठेवा.

- हरिपाठ पाठच करा. हातात वही असली की पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर टाकायची पावलं, चुकणारच.
- मग संत एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडच्या. आपल्याच मराठवाड्यातल्या या संतांचे दोन-चार अभंग बसवा.
- हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. ती धरून उभं राहायचा रात्रीचा पहारा मागून घ्या, पंगतीत वाढायलाही लागा. जुनी मंडळी तिथंच मोकळेपणानं शिकवतात.

रागदारीचं नंतर बघू.