कंपनीच्या मोडेमला वायफाय आहेच, मग मेश कसं जोडायचं? मोडेम काढावा लागतो का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की इंटरनेट कंपनीने दिलेला मोडेम पुढच्या खोलीत आहे, मागच्या खोल्यांत रेंज येत नाही म्हणून घरभर ठेवून एकच वायफाय पसरवणारा तीन डब्यांचा मेश सेट आणलाय, आणि आता मोडेम ठेवायचा की काढायचा, आणि कोणीतरी 'डबल नॅट होईल' म्हणून घाबरवलंय ते नेमकं काय.

मोडेम काढू नका. बाहेरून फायबर, केबल किंवा फोनची जी काही लाइन येते ती घरातल्या नेटवर्कला समजेल अशी करायचं काम तो करतो आणि मेशच्या डब्यांमध्ये बहुतेक वेळा ती सोयच नसते. अडचण अशी की आपण ज्याला मोडेम म्हणतो त्या एका डब्यात तीन कामं भरलेली असतात, लाइन उचलायची, घरातल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपला पत्ता द्यायचा म्हणजे राउटरचं काम, आणि वायफाय पसरवायचं. मेशमध्ये यातली शेवटची दोन्ही असतात. म्हणजे राउटर झाले दोन, वायफाय झाले दोन, आणि एका घरात दोन कारभारी झाले की जे होतं तेच इथेही होतं.

नॅट म्हणजे राउटरने घरातल्या उपकरणांचे पत्ते बाहेर जाताना बदलणं, आणि डबल नॅट म्हणजे तेच दोनदा होणं. मोडेम १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वाटतो, मेश त्यातला एक स्वतः घेतो आणि आपल्या मागच्या उपकरणांना वेगळ्याच रांगेतले पत्ते वाटत बसतो. यात नेट बंद पडत नाही, ब्राउझिंग, व्हिडिओ, ऑफिसचे कॉल सगळं नीट चालतं, त्यामुळे बऱ्याच घरांत ते असतं आणि कोणाला कळतही नाही. त्रास होतो तो प्रिंटर मोडेमच्या वायफायवर आणि फोन मेशवर असला की, मग फोनला प्रिंटर दिसतच नाही, टीव्हीवर कास्ट करायला गेलं की टीव्ही सापडत नाही, गेम कन्सोल नॅटची तक्रार करतो, आणि कॅमेऱ्यासाठी पोर्ट, म्हणजे राउटरमधून आत यायची वाट, उघडायचा तर दोन्हीकडे उघडावा लागतो. दोघांनी योगायोगाने एकच रांग वापरली तर मात्र नेटच अडकू शकतं, काही मेश सेट हे ओळखून आपली रांग आपोआप बदलतात पण सगळेच नाही.

म्हणून राउटर कोणीतरी एकानेच व्हायचं. माझं स्पष्ट मत, बहुतेक घरांत ते काम मोडेमकडेच राहू द्या आणि मेशच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. मग पत्ते मोडेम वाटतो, मेश फक्त वायफाय पसरवतो आणि सगळी उपकरणं एकाच नेटवर्कवर येतात. यात मेशची मुलांसाठीची बंधनं, कोणाला किती स्पीड ते ठरवणं असल्या सोयी बऱ्याचदा बंद होतात, त्या पाहिजेच असतील तर उलटं करावं लागतं, म्हणजे मोडेम ब्रिज मोडमध्ये, जिथे तो फक्त लाइन पुढे देतो, आणि राउटर मेश. पण ते करण्याआधी कंपनीला फोन करून विचारा, कारण कित्येक कनेक्शनला पीपीपीओई, म्हणजे लाइनवर लॉगिन करायची पद्धत, असतं, त्याचं युजरनेम पासवर्ड मेशमध्ये टाकावं लागतं, कधी व्हीलॅन नंबरही (कंपनीच्या लाइनवर नेटचा भाग ओळखायचा आकडा) लागतो, आणि मोडेमला लँडलाइन किंवा टीव्हीचा बॉक्स जोडलेला असेल तर ब्रिज केल्यावर तो बंद पडू शकतो. केबलचे काही मोडेम आधी जोडलेलं उपकरण लक्षात ठेवतात, त्यामुळे ब्रिज केल्यावर मोडेम पूर्ण बंद करून परत चालू केल्याशिवाय मेशला नेट मिळत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण लोक हमखास इथे फसतात, काही मेशच्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोडलाच 'ब्रिज मोड' नाव दिलेलं असतं. मोडेमही ब्रिज आणि मेशही ब्रिज केला तर राउटर कोणीच उरत नाही आणि नेट जातं. दोघांपैकी एकच ब्रिज. आणि गूगल नेस्ट वायफायमध्ये मुख्य डबा ब्रिज केला की मेशच चालत नाही, तसा सेट असेल तर मोडेम ब्रिज करा किंवा सरळ डबल नॅटवर राहा, फक्त सगळी उपकरणं मेशवरच ठेवा.

आता जोडणी. पहिला डबा मोडेमजवळ, मोडेमच्या लॅन (घराकडच्या) पोर्टपासून केबल डब्याच्या वॅन (नेट आत येणाऱ्या) पोर्टमध्ये, बाकी अ‍ॅप सांगेल तसं. नेट यायला लागलं की मोड बदला, आणि मग मोडेमचं वायफाय बंद करा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही. हे खूप जण करत नाहीत आणि मग मेश घेऊन काही फरक पडला नाही म्हणतात, कारण फोन जुन्याच वायफायला चिकटून राहतो, कुठल्या सिग्नलवर जायचं हे शेवटी फोन ठरवतो. मेशला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिलात तर घरातली बहुतेक उपकरणं न विचारता आपोआप जोडली जातात. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट बल्ब अडलाच तर वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर आहे का बघा, तिथे डब्ल्यूपीए२ चालणारा पर्याय निवडा.

आणि डबे कुठे ठेवायचे यावर वेळ घालवा, माझ्या मते सेटिंगपेक्षा याचाच फरक जास्त पडतो. जिथे रेंज नाही त्याच खोलीत दुसरा डबा ठेवायचा मोह होतो, पण त्या डब्यालाही सिग्नल पहिल्याकडूनच घ्यायचाय ना, त्याला तिथे मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? मधल्या जागी ठेवा, दोन्हीकडे पोचेल असा, टीव्हीच्या कपाटात किंवा फ्रिजच्या मागे नको, उघड्यावर आणि थोडा उंच. शक्य असेल तर दोन्ही डबे थेट पहिल्याशी बोलू देत, एकामागे एक अशी साखळी नको, कारण एकाच रेडिओवर घ्यायचं आणि त्यावरच पुढे पाठवायचं म्हटलं की प्रत्येक टप्प्याला स्पीड साधारण अर्धा होतो. ट्राय-बँड, म्हणजे तीन वायफाय बँडच्या, सेटमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी जास्तीचा बँड वापरता येतो म्हणून तिथे हे कमी जाणवतं.

पण डब्यांना जोडायला केबल टाकता येत असेल तर केबलच टाका, हे अगदी कळकळीने सांगतो. कॅट ५ई ची साधी केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते आणि भिंतींचा प्रश्नच मिटतो. मेश राउटर म्हणून चालवत असाल तर ही केबल पहिल्या डब्यापासून टाका, मोडेमपासून नको, नाहीतर लांबचा डबा मेशच्या बाहेर पडतो.

सगळं झाल्यावर लॅपटॉप केबलने मोडेमला लावून स्पीड टेस्ट करा, मग तीच टेस्ट पहिल्या डब्याला लावून आणि मग लांबच्या खोलीत वायफायवर, म्हणजे कुठल्या टप्प्यावर स्पीड पडतोय ते कळेल. प्लॅन मोठा असून आकडा ९४-९५ एमबीपीएसच्या पुढे जातच नसेल तर मेशला दोष देऊ नका, मधला कुठलातरी पोर्ट १०० चा आहे किंवा केबलमधली एखादी जोडी तुटलेली आहे, आधी केबल बदलून बघा.