त्या रेघोट्या पुसू नकोस

'मावशी, आमचे हे लोखंडी जिने बनवतात, पण ह्यांना काही सांगताच येत नाही. गिऱ्हाईक विचारतं जिना कसा वळणार, तर हे नुसते हवेत हात फिरवतात. मी एम.कॉम., सगळं मुद्देसूद लिहून देते. तो कागद खिशात तसाच. गेल्या महिन्यात गोल जिन्याचा कठडा दोन इंच चुकला, अठरा हजार गेले. ह्यांना बोलायला शिकवणाऱ्या क्लासला घालू का? तशी मी त्यांच्या कामात लुडबुड करत नाही. शटर ओढताना कोब्यावरच्या खडूच्या रेघोट्या तेवढ्या पुसते.'
– शिरोली एमआयडीसीतून एक वाचक

रेघोट्या? अगं बाई, तो जिना होता!

मध्ये पाइपाचा गोल, भोवती कलिंगडाच्या फोडींसारख्या पायऱ्या, हे सगळं सूतदोरी धरून खऱ्या मापात आखलेलं. पट्टी वाकवायची, रेघेवर ठेवून बघायची, पुन्हा वाकवायची. तू कागदावर मुद्दे लिहितेस तेव्हा तुझं डोकं चालतं ना, तसं त्याचं त्या कोब्यावर चालतं. तुझी खातेवही रोज रात्री कुणी कोरी केली असती तर? आणि तो कठडा वाकवला कधी? आखला त्याच दिवशी, की दुसऱ्या दिवशी पुसलेल्या जमिनीवर? ते तू लिहिलेलं नाहीस. मला मात्र दाट शंका आहे.

मी स्वतः शब्दांतली बाई. 'गिरणीवरून डावीकडे' हे वाक्य मला पाठ असतं, गिरणी काही डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून तुझी चिडचिड कळते. पण शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचं बघ. पुस्तकबांधणी शिकलेला, गणितात कच्चा. कागदावर लोखंडाचा कीस भुरभुरवून चुंबकाभोवतीच्या रेषा बघायचा. गणितात मुरलेल्या मॅक्सवेलने १८५५-५६ मध्ये त्याच रेषांना गणितात बसवलं. पुसल्या नाहीत. १८५७ मध्ये फॅरडेनेच त्याला पत्र लिहून विचारलं, तुमचं गणित साध्या भाषेत सांगता येणार नाही का?

तेव्हा क्लास राहू दे. आज फडक्याला हात लावू नकोस. उद्या सकाळी पदर खोचून त्या रेघांत उभी राहा आणि म्हण, 'अहो, चढून दाखवा.' तो एकेका फोडीवर पाय टाकेल, हात फिरवेल. तू शेजारी खडूनेच माप लिही, मोबाइलवर फोटो काढ. जिना बसेपर्यंत कोब्याला पाणी लागता कामा नये.

मध्येच गिऱ्हाईक आलं, तर त्यालाही पहिल्या पायरीवर उभं कर.