एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. नवजात बाळांच्या नर्सिंगमध्ये अमेरिकेत डॉक्टरेट करावी का? पीएचडी की डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस)?

तुम्ही कोल्हापुरात एनआयसीयूत ड्यूटी करताय, बी.एस्सी. नर्सिंग झालंय आणि 'तिकडे नर्सलाही डॉक्टर होता येतं' असं कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय. मी याच वाटेनं आले, म्हणून लिहिते. सांगलीत पाच वर्षं स्टाफ नर्स होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे ओहायोत आले. आता निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे नवजात बाळांवर स्वतः उपचार करणारी नर्स, आहे आणि डीएनपीही झाली आहे.

आधी एक गुंता सोडवू. नर्स प्रॅक्टिशनर हे काम आहे, डीएनपी ही पदवी आहे. या कामाची प्रमाणपत्र परीक्षा मास्टर्सवरही देता येते. इथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं २००४ साली ठरवलं होतं की २०१५ पर्यंत असं काम करणाऱ्या सगळ्या नर्सेसचं शिक्षण डीएनपीपर्यंत न्यायचं. मुदत सरली, पण आपल्या क्षेत्रात सक्ती झाली नाही. भूल देणाऱ्या नर्सेसना मात्र २०२२ पासून प्रवेश घेतानाच डॉक्टरेटचा अभ्यासक्रम घ्यावा लागतो. बऱ्याच विद्यापीठांनी आता मास्टर्सचा रस्ता आपण होऊन बंद केलाय, त्यामुळे डीएनपीला जावंच लागलं असंही होतं.

काम म्हणाल तर, सांगलीत मी ट्रे लावून बाळ धरून ठेवायचे; इथे बाळाच्या श्वासनलिकेत ट्यूब मी टाकते. नाळेतून लाइन घालणं, सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) देणं, पाठीतलं पाणी काढणं, ऑर्डर लिहिणं, रात्री तीन वाजता आईबाबांना समोर बसवून खरं काय ते सांगणं, हे सगळं आलं. मागे निओनॅटॉलॉजिस्ट (नवजात बाळांचा डॉक्टर) असतो, पण वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पलंगापाशी, पहिला हात बहुतेकदा आमचाच.

आता पीएचडी आणि डीएनपी. माझ्याच प्रोजेक्टवरून सांगते, कारण मला स्वतःला हा फरक तेव्हाच कळला.

अपुऱ्या दिवसांचं बाळ लेबर रूममधून एनआयसीयूत येईपर्यंत गार पडतं, हे तुम्ही रोज पाहत असाल. दीड किलोच्या आतल्या बाळांचा इथला एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. भरती होताना तापमान जितकं खाली, तितका धोका जास्त: एका अंशाच्या घसरणीमागे मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. असा संबंध शोधून काढणं, तो खरा आहे का हे तपासणं, हे पीएचडीवाल्यांचं काम. डीएनपीचा प्रश्न पुढचा आहे. हे माहीत असूनही आमच्या युनिटची बाळं गारच का येतात?

मी तीन महिने प्रत्येक बाळामागे लेबर रूमपासून चालले. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळासाठी खोलीचं तापमान २३ ते २५ अंश हवं आणि बाळ ३६.५ ते ३७.५ मध्ये राहायला हवं, हे आमच्याकडे भिंतीवर लावलेलं होतं. पण सिझेरियनच्या खोलीचा एसी खाली ठेवलेला असायचा, कारण गाऊन घातलेल्या सर्जनना घाम फुटायचा, आणि तो बदलायची चावी देखभाल विभागाकडे. बाळाला गुंडाळायची प्लास्टिकची पिशवी तिसऱ्या कपाटात. रात्रीच्या पाळीतल्या नव्या मुलीला कपाटच सापडायचं नाही. वजन करताना ती पिशवी उघडली जायची, हे तर मलाही मागे चालेपर्यंत दिसलं नव्हतं.

मग एकेक बदल करायचा, दोन आठवडे मोजायचं, बिघडलं तर मागे घ्यायचं. पिशवी आणि टोपी वॉर्मरलाच बांधून टाकली. चावीसाठी चार बैठका झाल्या. सर्जन चिडले, मी आकडे पुढे ठेवले, तरी चिडले. तिसऱ्या बैठकीत त्यांच्यातल्याच एका बाईंनी माझी बाजू घेतली. डीएनपीनं मला खरं शिकवलं ते हेच: मोजायचं कसं, आणि मोजलेलं घेऊन न बिचकता बैठकीत बसायचं कसं. बाळ गार का येतं हे सांगलीतल्या आमच्या मावशींनाही माहीत होतं. त्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि मलाही.

आता व्हिसा, कारण कन्सल्टन्सीवाले हे धड सांगत नाहीत. नवजात बाळांचे बरेचसे अभ्यासक्रम मुख्यतः ऑनलाइन चालतात, आणि विद्यार्थी व्हिसावर एका सत्रात ऑनलाइन एकच विषय धरला जातो. म्हणजे त्या व्हिसावर हा रस्ता जवळजवळ बंद. लोक आधी एनक्लेक्स, म्हणजे इथल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा, देतात, नर्स म्हणून येतात, एनआयसीयूत किमान दोन वर्षं काढतात आणि नोकरी सांभाळून शिकतात. माझ्या विद्यापीठानं ही दोन वर्षं इथल्या परवान्यावरचीच मागितली. सांगलीची पाच वर्षं कागदावर शून्य. तेव्हा खूप लागलं होतं, अजूनही लागतं. ग्रीन कार्डावर यायचं तर भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. मला एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर) कामाची परवानगी मिळाली म्हणून मी वाचले, आणि ती परवानगीही सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: ट्यूब टाकणारा हात हवा असेल आणि इकडे यायची सोय असेल, तर या, डीएनपी करा. भारतात राहणार असाल तर डीएनपीचा उपयोग नाही, कारण नवजात बाळांसाठी नर्स प्रॅक्टिशनर हे पदच तिथे नाही. क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम नर्सिंग कौन्सिलनं आणलाय, पण बाळांचा वेगळा नाही. तिथे बालरोग नर्सिंगमध्ये एम.एस्सी. आणि मग पीएचडी हाच रस्ता आहे. तो कमी प्रतीचा अजिबात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त खाली आणले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. महाराष्ट्रात या विषयावर संशोधन होत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नर्सेसच्या नावावर ते फार कमी आहे, एवढं खरं.

आणि इकडे अर्ज केलाच, तर विद्यापीठाला एक प्रश्न लेखी विचारा: क्लिनिकलची (रुग्णालयातल्या प्रत्यक्ष शिक्षणाची) जागा तुम्ही देता की मला शोधावी लागते? बी.एस्सी.नंतर थेट डीएनपीला साधारण हजार तास भरावे लागतात, त्यातले बरेचसे बाळांपाशी. मला जागा स्वतः शोधावी लागली. त्यात एक अख्खं सत्र गेलं, आणि फी मात्र भरावीच लागली.