शिरीन नेशातला 'निर्वासित' म्हणावं का?

इराणी छायाचित्रकार आणि चित्रपटकार शिरीन नेशातवर लेख लिहिताय आणि तिला 'निर्वासित' म्हणू की 'हद्दपार' असं विचारलंय. मला विचाराल तर दोन्ही नको, 'परागंदा' लिहा.

हद्दपार करायला कुणीतरी हुकूम काढावा लागतो, तडीपारीचंही तेच, आणि हिला कुणी हाकललं नव्हतं. १९५७ चा कझ्वीनचा जन्म, सत्तरच्या दशकात शिकायला अमेरिकेला गेली, मागे १९७९ ला क्रांती झाली आणि थेट १९९० मध्ये घरी जाता आलं. निर्वासित म्हटलं की आपल्याला फाळणीनंतरचा उल्हासनगरचा कॅम्प आठवतो, ते हिला लागू नाही. वनवास तर नकोच, त्याला चौदा वर्षांची मुदत असते.

परागंदा मुळात फारसीच आहे, अर्थ विखुरलेला. मराठीत त्याला देणं बुडवून पळाल्याची छटा चिकटलीय हे खरं, पण 'परागंदा व्हावं लागलं' असं लिहिलं की ती बरीच पुसली जाते.

याच निमित्ताने अजून दोन शब्द बघा, मला फार आवडतात. 'वतन' फारसीत मायदेश, आपल्याकडे पाटील-देशमुखांचं वतन, म्हणजे पिढीजात हक्क आणि जमीन. आणि 'गरीब' म्हणजे तिकडे परका, घरापासून लांब पडलेला, त्यावरूनच गुर्बत म्हणजे परमुलखातलं एकाकीपण, आपण मात्र तो शब्द पैसे नसलेल्याला लावला. नेशातचं काम बघताना मला गरीबचा हा जुना अर्थ सारखा आठवतो.

१९९० ची ती भेट झाली त्यानंतरच 'विमेन ऑफ अल्ला' ही फोटोमालिका आली, चादोरमधल्या (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारं इराणी वस्त्र) बायका, हातात बंदूक, आणि फोटोतल्या चेहऱ्यावर, तळहातांवर शाईने लिहिलेली फारसी अक्षरं. बघणाऱ्याला सहज वाटतं कुराणातल्या आयती असतील, तुम्ही तसं लिहू नका प्लीज, त्यात फरूग फरोखजादसारख्या कवयित्रींच्या कविता आहेत. म्हणजे तिची भाषा तिथे अंगावरच आहे, पण न्यूयॉर्कच्या गॅलरीत उभ्या असलेल्या बहुतेकांना ती नुसती नक्षी दिसणार. पुढे १९५३ च्या तेहरानवर सिनेमा केला तर तो शूट करावा लागला मोरोक्कोत.

शीर्षकात परागंदा जड वाटत असेल तर 'मायदेशाला पारखी' लिहा, लेकरू आईला पारखं होतं तसं.