घरफोडीनंतर ग्रँड ज्युरीसमोर साक्षीला बोलावलंय. तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की न्यू यॉर्कमध्ये ग्रँड ज्युरीपुढे (म्हणजे खटला चालवायचा का, हे ठरवणाऱ्या ज्युरीपुढे) चोर समोर बसलेला असतो का, आणि वकील न्यावा लागतो का. तुम्ही बोलत असताना खोलीत चोर नसतो, त्याचा वकील नसतो, न्यायाधीशही नसतात. हे आधी सांगते, कारण याच धास्तीने माझ्या दोन रात्री गेल्या होत्या.

आम्ही तेव्हा न्यू यॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये राहायचो. मुलीला शाळेतून घेऊन आले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक माणूस मागच्या अंगणात उडी टाकताना दिसला. पोलिसांनी तासाभरात धरला. दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलीणबाईंचा फोन, परवा या. एवढी घाई अशासाठी, की आरोपी कोठडीत असेल तर १२० तासांत (मध्ये शनिवार-रविवार आला तर १४४) ग्रँड ज्युरीचा कौल किंवा प्राथमिक सुनावणी व्हावी लागते, नाहीतर सहसा त्याला सोडावं लागतं.

ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटी खटला आठवतो. ती ज्युरी दोषी की निर्दोष ते ठरवायची. ग्रँड ज्युरी फक्त खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच बघते. १६ ते २३ माणसं असतात, आरोप ठेवायला १२ जण लागतात.

बाहेर तीन तास बसले, आत जेमतेम दहा मिनिटं. बायबलवर शपथ नको, नुसती प्रतिज्ञा घेते म्हटलं, चाललं. सगळी हकीकत सांगायची तयारी करून गेले होते, पण बाईंचा भर एकाच गोष्टीवर: हे घर तुमचं का, आणि या माणसाला आत यायची परवानगी तुम्ही दिली होती का? मला हसूच आलं. चोराला कोण परवानगी देतं? पण तिथल्या कायद्यात घरफोडी म्हणजे गुन्हा करायच्या इराद्याने विनापरवानगी आत शिरणं, आणि परवानगी नव्हती हे सहसा त्या घरातल्या माणसानेच सांगायचं असतं. मी मध्येच "शेजारच्या काकू म्हणाल्या..." सुरू केलं तर लगेच थांबवलं. फक्त स्वतः पाहिलेलं बोला.

म्हणूनच, तुम्ही चोराला पाहिलं नसेल तर सरकारी वकिलांना फोनवर एक विचारा: घर आमचं, परवानगी नव्हती, वस्तू आमच्या, एवढं शपथेवर लिहून दिलं तर चालेल का? कायद्यात तशी सोय आहे. मी त्याला पाहिलं होतं, त्यामुळे जावंच लागलं. समन्स आलं असेल तर मात्र परस्पर दांडी मारू नका.

वकील मी नेला नव्हता, गरजही पडली नाही. इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाष्या हवा म्हणून आधीच सांगा, ऐनवेळी मराठी दुभाष्या कुठून आणणार?

ज्युरीतली माणसंही सरकारी वकिलांमार्फत प्रश्न विचारू शकतात. मला एकाने विचारलं, खिडकीला कडी लावलेली होती का? नव्हती. मीच विसरले होते, आणि त्यावरून घरी आधीच ऐकून घेतलं होतं. हो, उघडी होती, म्हटलं, तोंड कोरडं पडलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, त्याने फरक पडत नाही, कुलूप तोडलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. हे मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

दागिन्यांच्या पावत्या नसतील तर लग्नाचे फोटो न्या. त्याच्या खिशात सापडलेली माझी ठुशी लग्नातल्या फोटोवरूनच ओळख पटवून दाखवली. स्टेनोग्राफरने थांबवून 'ठुशी'चं स्पेलिंग विचारलं, ते मलाही धड सांगता येईना.

पुढे त्याने गुन्हा कबूल केला, मला परत जावं लागलं नाही. ठुशी बऱ्याच महिन्यांनी हातात आली. पाटल्या नाही मिळाल्या.