सकाळची उपाशीपोटी शुगर जास्त येते म्हणजे माणूस रात्री चोरून खातो का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६६ वर्षांचे आहेत, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं, गोड तर केव्हाच बंद झालं, तरी रोज सकाळी उपाशीपोटी १६०-१७० येतं. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी बघितलं तर मात्र १५०-१६०, म्हणजे बरं. आणि मग विचारलंय, "ते रात्री उठून काही खात असतील का, आणि असतील तर त्यांना पकडायचं कसं?"

"पकडायचं" हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. मला तसं पकडलं गेलंय, तेही भर सणात, लेकी-जावयासमोर.

मला २०१२ साली शुगर निघाली. आम्ही फैजपूरजवळच्या खेड्यात राहतो, घरची केळीची बाग आहे. सकाळी शुगर तपासायची आणि वहीत लिहायची हे काम आमच्या यांनी पहिल्या दिवसापासून अंगावर घेतलं. शंभर पानी वही, पट्टीने आखलेल्या उभ्या रेघा. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर. १३० च्या आत आलं की निळं पेन, वर गेलं की लाल. काळजीपोटीच करायचे, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण रोज साडेसहाला बोट टोचून निकाल ऐकायचा आणि मग चूल पेटवायची, हे काय असतं ते ज्याचं बोट त्यालाच ठाऊक. लाल आकडा आला की हे चिडायचे नाहीत. फक्त विचारायचे, "रात्री काय खाल्लं होतंस?" माझ्याच शेजारी बसून, माझ्याच हातचं जेवलेला माणूस मला हे विचारायचा.

२०१९ ची आखाजी. खान्देशाबाहेरच्यांना सांगते, अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि तो आमच्याकडे लेकीबाळींचा सण असतो. सासरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पितरांची घागर भरतात. आमच्याकडे मोठ्या नणंदबाई आल्या होत्या, त्यांना आम्ही अक्का म्हणतो. माझ्या दोन्ही लेकी आल्या होत्या, धाकटीचे मिस्टर तिला सोडायला आले ते मुक्कामालाच राहिले. आदल्या दिवशी सांजोऱ्या तळून पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा माठाशेजारी ठेवला, कारण स्वयंपाकघरात तेवढाच कोपरा जरा गार. मे महिन्यात आमच्याकडे काय उकडतं ते भुसावळचं तापमान पेपरात वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

सणाच्या दिवशी पाचला उठले. वीस माणसांचा रस काढायचा होता. बादलीत भिजवलेले आंबे एकेक घोळायचे, देठाकडचा चीक काढायचा, मग पातेल्यात पिळायचे आणि कोयी वेगळ्या टाकायच्या. तास-दीड तास तेच. हात कोपरापर्यंत रसाने भरलेले. तेवढ्यात बाहेरून यांची हाक आली, "आधी शुगर बघून घे, मग चहा." मी ओल्या फडक्याला हात पुसले, ओसरीवर गेले आणि बोट पुढं केलं.

२४३.

हे एरवी हळू बोलतात, पण त्या दिवशी आकडा मोठ्याने बोलून गेले. ओसरीवर सगळे बसलेले. अक्का म्हणाल्या, "रातले डबा वाजला वं, मी आयकला." जावई मोबाईलमध्ये बघायला लागले. थोरली लेक म्हणाली, "आई, एवढं कशाला खाल्लंस? मागितलं असतंस तर आम्ही दिलं नसतं का?" तिचं ते "मागितलं असतंस" मला अजून आठवतं. माझ्या घरात, मी तळलेली सांजोरी, मी मागायची.

मी रात्री दोनदा उठले होते, पाणी प्यायला. तांब्या माठावर ठेवताना डब्याच्या झाकणाला लागला, तो आवाज. हे मी तेव्हा सांगितलं, पण सांगून उपयोग नव्हता, समोर २४३ होते. त्या दिवशी पुरणपोळीही मी पानात घेतली नाही. कुणी घे म्हणालंही नाही.

सगळे आपापल्या घरी गेले आणि मी मशीन आपल्या उशाशी घेतलं. रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी साडेसहाला, तिन्ही वेळा तपासायचं ठरवलं. हे म्हणाले, स्ट्रिपा कशाला वाया घालवतेस. पहिल्या रात्री १४६, तीनला १२१, सकाळी १६३. दुसऱ्या रात्री १५२, ११८, १५९. आता तीनला ११८ असलेली शुगर साडेसहाला १५९ कशी झाली? मी तर झोपले होते.

तिसऱ्या रात्री यांची बागेला पाणी द्यायची पाळी होती. शेतीची लाईट काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री, त्यामुळे हे तीनच्या सुमाराला चिखलाचे पाय घेऊन परतले. मी म्हटलं, आता तुम्हीच टोचा. १२४ आलं. म्हटलं, आता झोपू नका, इथंच बसा, मी या बाजेवरून उठते का बघा. ते खरंच बसले. भिंतीला टेकून, डोळे तारवटलेले. साडेसहाला त्यांनीच टोचलं. १६९. मशीन उलटं करून बघितलं, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं, १६६. काही बोलले नाहीत, आत गेले आणि चहा त्यांनी टाकला.

पुढच्या आठवड्यात भुसावळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही उलटून पालटून बघितली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगर (HbA1c) केली, ती ७.२ आली. ७.२ म्हणजे रोजची सरासरी १६० च्या आसपास. म्हणजे मधेच एकदा आलेल्या २४३ ने काही आभाळ कोसळलं नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपलं लिव्हर म्हणजे घरातली कणगी. दिवसा जेवणातून आलेली साखर तिथं साठते आणि रात्री आपण खात नाही तेव्हा ती थोडी थोडी बाहेर सोडली जाते, कारण मेंदूला झोपेतही लागतेच. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन असली द्रव्यं वाढतात, आणि ती कणगीचं तोंड अजून मोठं करतात. निरोगी माणसात तेवढ्यापुरतं इन्सुलिन वाढतं आणि तोंड आवळतं. आपल्यात इन्सुलिन कमी पडतं किंवा लिव्हर त्याचं ऐकत नाही. याला डॉन फेनॉमेनन म्हणतात, डॉन म्हणजे पहाट. एक घास न खाता सकाळची शुगर चढते ती अशी.

मला आधीपासून मेटफॉर्मिन होती. ती गोळी हे लिव्हरचं सोडणंच कमी करते. त्यांनी रात्रीच्या जेवणासोबतचा डोस बदलला, जेवण दहाऐवजी आठला घ्यायला लावलं आणि जेवणानंतर गल्लीत वीस मिनिटं चालायला सांगितलं. दोन महिन्यांत सकाळचा आकडा १३०-१४० वर आला. मी भाकरी कमी केली नाही. उलट कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली, ती रात्री नेमाने खाते, सोबत वांग्याचं भरीत नाहीतर पालेभाजी. आधी मी रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलंच होतं आणि तरी लाल पेन चालूच होतं. शुगरच्या माणसाला उपाशी झोपवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, मग तो सल्ला कुणीही दिलेला असो.

पण मग ते २४३ कुठून आले? रोजची माझी १६०-१७०, त्या दिवशीच एकदम एवढी का? याचं उत्तर मला वर्षाने मिळालं. २०२० ची आखाजी लॉकडाऊनमध्ये गेली, कुणीच आलं नाही. दोघांपुरते चार आंबे पिळले, फडक्याला हात पुसले, बोट टोचलं. २२८. आणि तिथंच डोक्यात लख्ख उजेड पडला. साबणाने हात खसखसून धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. १४९. मग मुद्दाम आंब्याच्या सालीवर बोट फिरवलं, फडक्याला पुसलं, टोचलं. २६१. पुन्हा धुतलं. १४६. चार स्ट्रिपा गेल्या, पण वर्षभर छातीवर असलेला धोंडा उतरला. स्ट्रिपला लागतो तो थेंब मोहरीएवढाही नसतो. त्यात बोटावरच्या रसाचा नुसता माग मिसळला तरी आकडा कुठच्या कुठं जातो. केळं सोललं, गूळ फोडला, नातवाला शिकरण कुस्करून दिलं, सगळ्याने तेच होतं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं की झालं असं समजू नका, साखर जाते ती पाण्यानेच.

वहीतलं २०१९ चं पान काढलं आणि लाल २४३ च्या शेजारी मी निळ्या पेनाने लिहिलं, "आंब्याचा हात". यांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि वही माझ्याकडे दिली. अक्कांना फोन केला तर "असंल बाई" म्हणून विषय बदलला. अजूनही लग्नकार्यात शुगरचा विषय निघाला की त्या डब्याचं सांगतात. अक्का, तुमची नात तुम्हाला मोबाईलवरचं सगळं वाचून दाखवते, म्हणून इथं स्पष्ट लिहिते. तांब्या झाकणाला लागला होता. डब्यात ६० सांजोऱ्या होत्या आणि सकाळी तुमच्याच समोर मोजून ६० निघाल्या होत्या. तुम्ही मोजल्या, आणि तरी बोलला नाहीत.

आता तुमच्या वडिलांचं. रोज १६०-१७० आणि दुपारी बरी, हे माझ्यासारखंच दिसतंय, पण दिसतंय म्हणून धरून चालू नका. तीन रात्री तपासा, झोपताना, पहाटे तीनला, उठल्यावर. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, बोटाच्या बाजूला टोचून. तीनला बरी आणि सकाळी चढलेली असेल तर मी सांगितलं तेच. झोपताना आणि तीनलाही १८०-२०० असेल तर रात्रीचं जेवण किंवा औषध कुठंतरी चुकतंय. पाच-दहाच्या फरकावरून मात्र वडिलांशी भांडू नका. घरच्या मशीनला १५ टक्के इकडे-तिकडे व्हायची मुभाच असते, म्हणजे खरी १५० असलेली शुगर १३० किंवा १७० दाखवू शकते. वडिलांच्या वयाला उपाशीपोटी ८० ते १३० हे साधारण लक्ष्य मानतात, काहींना डॉक्टर त्याहून सैल ठेवतात. आणि स्ट्रिपांची डबी उन्हाळ्यात खिडकीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत टाकू नका, झाकण लगेच लावा. चाळीसच्या वर गेलं की बरीचशी मशीनं नीट चालत नाहीत, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चाळीस म्हणजे काहीच नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. वडील इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, आणि तुम्ही त्यांचं रात्रीचं जेवण निम्मं केलं असेल, तर रात्री शुगर खाली जायची भीती आहे. अंगाला दरदरून घाम, वाईट स्वप्नं, उठल्यावर डोकं जड, असं काही म्हणतात का विचारा. तीनला ७० च्या खाली दिसली तर तिथल्या तिथं तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी ते खरंच रात्री उठून गुळाचा खडा तोंडात टाकत असतील तर ते स्वतःचा जीव वाचवत असतील. त्यांनी खाल्लं का, हे त्यांना सरळ विचारा, जसं ताप आला का विचारतो तसं. मी डॉक्टर नाही, गोळी-इन्सुलिनला स्वतःहून हात लावू नका, तीन रात्रींचे आकडे लिहून त्यांच्याकडे घेऊन जा.

आणि वही वडिलांच्याच हातात द्या. आमची वही २०२० पासून माझ्याकडे आहे. आज सकाळी १३८ होती, निळ्या पेनाने लिहिली. लाल पेन मी घरात ठेवलेलं नाही.